फोटोत नसलेला कप्तान: देझ्यो द्यार्मतीचं पाण्यातलं आणि पाण्याबाहेरचं आयुष्य

वॉटर पोलोचा एकही सामना न पाहिलेल्या माणसानंही बहुधा एक फोटो पाहिलेला असतो. मेलबर्न ऑलिंपिक, ६ डिसेंबर १९५६. हंगेरीचा एर्विन झादोर नुकताच पाण्याबाहेर आला आहे, डोळ्याजवळ खोक पडली आहे आणि रक्त गालावरून खाली ओघळलं आहे. सामना सोव्हिएत संघाविरुद्ध होता, ठोसा मारला होता वालेंतिन प्रोकोपोव्हनं. महिनाभरापूर्वीच सोव्हिएत रणगाड्यांनी बुडापेस्टमधला कम्युनिस्ट राजवटीविरुद्धचा उठाव चिरडला होता, त्यामुळे जगानं त्या एका चेहऱ्यात सगळा हंगेरी पाहिला.

मुलांना वॉटर पोलो शिकवताना हा फोटो मी अनेकदा दाखवतो. मुलं गप्प होऊन बघतात. तरी तो दाखवून झाला की मला चुटपुट लागते, कारण त्या संघाचा कप्तान ह्या फोटोत नाही. त्याचं नाव देझ्यो द्यार्मती. रोमन लिपीतलं स्पेलिंग वाचून आपण ग्यार्मती म्हणू, पण हंगेरियन उच्चार द्यार्मतीच्या जवळ जातो. पुरुषांच्या वॉटर पोलोमध्ये पाच ऑलिंपिक पदकं मिळवणारा हा आजवरचा एकमेव खेळाडू. त्यातली तीन सुवर्ण. पुढे प्रशिक्षक म्हणून चौथं सुवर्ण. फोटो नाही, म्हणून गोष्टही फारशी सांगितली जात नाही.

दुसरं कारण जास्त जवळचं आहे. तलावाच्या काठावर बसलेले पालक विचारतात, "सर, पोहणं ठीक आहे, पण ह्या वॉटर पोलोत पुढे काय?" प्रश्न रास्त आहे. पंचविशीपर्यंत खेळून झालेल्या मुलाच्या हातात काय उरतं, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिलंय. त्या प्रश्नाशी झगडताना मी वारंवार द्यार्मतीकडे वळलो. म्हणून हे प्रकरण नीट, सविस्तर मांडतो आहे.

समुद्र नसलेल्या देशातलं पाणी

द्यार्मतीचा जन्म २३ ऑक्टोबर १९२७ चा, हंगेरीच्या ईशान्येकडच्या मिश्कोल्त्स शहरातला. तारीख लक्षात ठेवा, ती पुढे तीनदा येणार आहे.

हंगेरीला समुद्र नाही. पण जमिनीखाली गरम पाण्याचे झरे आहेत, आणि बुडापेस्टचं आयुष्यच त्या स्नानगृहांभोवती वाढलेलं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात बेला कोम्यादी ह्या माणसानं वॉटर पोलोचं वेड तिथे रुजवलं. १९३० मध्ये मार्गारेट बेटावर बंदिस्त जलतरण तलाव उभा राहिला. त्याचा वास्तुविशारद होता अल्फ्रेड हायोश, म्हणजे १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्याची सुवर्णपदकं जिंकलेला गडी. पोहणाऱ्यानं पोहणाऱ्यांसाठी बांधलेला तलाव! त्यामुळे बाहेर बर्फ पडत असतानाही मुलांचा सराव थांबेना. १९३२ आणि १९३६ ची ऑलिंपिक सुवर्णपदकं हंगेरीनं घेतली. त्या संघात ओलिव्हेर हालाशी होता, ज्याचा एक पाय लहानपणीच्या ट्रामच्या अपघातात गुडघ्याखाली तुटलेला होता. पायांच्या जोरावर खेळायच्या खेळात तो एका पायानं जगज्जेता झाला.

ह्या परंपरेत द्यार्मती वीस वर्षांचा असताना पहिल्यांदा ऑलिंपिकला उतरला, १९४८ च्या लंडनला. इटलीनं सुवर्ण नेलं, हंगेरीला रौप्य मिळालं. इतर कुठल्या देशानं ह्यावर दिवाळी साजरी केली असती. हंगेरीत मात्र वॉटर पोलोचं रौप्य म्हणजे काहीतरी हुकलं असाच अर्थ होता.

इथे खेळाविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर ह्या माणसाचं मोठेपण कळणार नाही. एका वेळी संघाचे सात जण पाण्यात. तळाला पाय लावायचा नाही, कठडा धरून उभं राहायचं नाही. गोलकीपर सोडून बाकी कोणी चेंडू एकाच वेळी दोन्ही हातांनी हाताळायचा नाही. पूर्वीच्या नियमांत शिट्टी वाजली की खेळाडूंनी जिथे असतील तिथेच थांबायचं असे, त्यामुळे दांडगट, जड खेळाडूंची चलती होती. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस तो नियम बदलला. आता शिट्टीनंतरही हालचाल करता येऊ लागली आणि खेळ एकदम पोहणाऱ्यांचा झाला.

द्यार्मती पोहणारा होता. शंभर मीटर फ्रीस्टाइल तो ५८.५ सेकंदांत पोहत असे. हा आकडा केवढा मोठा ते समजायला एवढंच पुरे: १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ह्याच अंतराचं सुवर्णपदक ५७.४ सेकंदांना गेलं. म्हणजे फक्त पोहण्यासाठीच जगणारा ऑलिंपिक विजेता आणि हा चेंडूवाला, ह्यांच्यात जेमतेम सेकंदाचा फरक.

त्यात तो दोन्ही हातांनी सारख्याच ताकदीनं चेंडू फेकायचा. पाण्यात बचाव करणारा नेहमी समोरच्याच्या फेकायच्या हाताच्या बाजूला चिकटतो, तो हात अडवला की निम्मं काम झालं. द्यार्मतीला कुठल्या बाजूनं धरायचं? पुढे खेळायला सांगा, मागे सांगा, तो सगळीकडे चाले. माझ्या मते त्याची कारकीर्द सतरा वर्षं टिकली ती ह्याच गुणावर. ज्याच्याकडे एकच हुकमी फटका असतो त्याचा खेळ वयाबरोबर ओसरतो. ज्याला खेळ सगळ्या बाजूंनी दिसतो त्याला वय झाल्यावरही पाण्यात जागा सापडते.

एवा सेकेय

द्यार्मतीची गोष्ट त्याची बायको, जलतरणपटू एवा सेकेय हिच्याशिवाय सांगणं म्हणजे अर्धीच सांगणं. इथे मी मुद्दाम रेंगाळणार आहे.

एवा बुडापेस्टची, ज्यू घरातली, त्याच्याच वयाची. १९४१ मध्ये ज्यू म्हणून तिला क्लबमधून काढून टाकलं. चौदा वर्षांची होती. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात ती चाळीसेक माणसांबरोबर दोन खोल्यांच्या आसऱ्यात राहत होती. पोहायला पाणी नाही, बाहेर पडायची सोय नाही. शरीर मोडू नये म्हणून ती रोज सकाळी पाच मजल्यांचा जिना शंभर वेळा चढायची-उतरायची.

तिनं स्वतः सांगितलेली एक हकीकत आहे. नाझीधार्जिण्या अ‍ॅरो क्रॉस पक्षाचे सशस्त्र लोक माणसं गोळा करायला घरी आले. वडील म्हणाले, ही आजारी आहे. समोरच्याला ते पटेना. तेव्हा वडिलांनी सांगितलं, ही हंगेरीची पोहण्यातली विजेती आहे, हिला वाचवल्याचा एक दिवस तुला आनंद होईल. त्या माणसाच्या दोन डोळ्यांचे रंग वेगवेगळे होते, ते तिच्या लक्षात राहिले. काही वर्षांनी, राजवट बदलल्यावर, एका स्पर्धेत तिच्या गळ्यात पदक घालायला जो अधिकारी पुढे आला, त्याच्या चेहऱ्यावर तेच दोन डोळे होते.

हेलसिंकीला १९५२ मध्ये एवानं दोनशे मीटर ब्रेस्टस्ट्रोकचं सुवर्ण जिंकलं. त्या वेळी ब्रेस्टस्ट्रोकच्या शर्यतीत हात बटरफ्लायसारखे पाण्यावरून टाकायला परवानगी होती, आणि ती तसंच पोहली. त्याच ऑलिंपिकमध्ये वॉटर पोलोचं सुवर्ण द्यार्मतीच्या संघाला. एका घरात, एकाच खेळमहोत्सवात दोन सुवर्णपदकं. एक कोटीही लोकसंख्या नसलेल्या हंगेरीनं त्या वर्षी एकूण सोळा सुवर्णं जिंकली. मे १९५४ मध्ये त्यांना मुलगी झाली, आंद्रेआ. एवा पेशानं फार्मासिस्ट, शिवाय आई, शिवाय दुसऱ्या ऑलिंपिकची तयारी करणारी जलतरणपटू.

मेलबर्न

२३ ऑक्टोबर १९५६. द्यार्मतीचा एकोणतिसावा वाढदिवस. त्या दिवशी बुडापेस्टमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि रात्री स्टालिनचा पुतळा खाली आला. वॉटर पोलोचा संघ शहराबाहेरच्या टेकड्यांवर शिबिरात होता. गोळीबाराचे आवाज तिथवर येत, शहरावरचा धूर दिसे. खेळाडूंना तिथून हलवून चेकोस्लोव्हाकियात नेण्यात आलं. मग ऑस्ट्रेलियाचा लांबचा प्रवास. ४ नोव्हेंबरला सोव्हिएत फौजा पुन्हा बुडापेस्टमध्ये घुसल्या आणि मोठ्या ताकदीनं उठाव मोडून काढला. ह्या सगळ्यात सुमारे अडीच हजार हंगेरियन मेले, दोन लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. खेळाडूंना ह्याचं खरं स्वरूप मेलबर्नला उतरल्यावर, तिथली वर्तमानपत्रं वाचून कळलं. ऑलिंपिक ग्राममधला कम्युनिस्ट चिन्हाचा झेंडा उतरवून त्यांनी स्वतंत्र हंगेरीचा झेंडा चढवला.

एवाची दोन वर्षांची मुलगी आणि म्हातारे आईवडील बुडापेस्टमध्ये होते. त्यांची काही खबर नाही. काळजीनं तिचं वजन पाच किलोहून अधिक उतरलं. तशा अवस्थेत ती पोहली आणि रौप्यपदक घेऊन बाहेर आली. मधल्या काळात बटरफ्लाय हा वेगळा प्रकार झाला होता, म्हणजे हेलसिंकीला जिंकून देणारी शैलीही तिला आता वापरता येत नव्हती. हे रौप्य मला तिच्या सुवर्णापेक्षा मोठं वाटतं.

मग ६ डिसेंबरचा तो सामना. प्रेक्षकांत ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेले हंगेरियन मोठ्या संख्येनं होते. हंगेरीच्या खेळाडूंना शाळेत सक्तीनं रशियन शिकवलेली, तीच भाषा त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना डिवचायला वापरली. पहिल्या मिनिटापासून पाण्याखाली लाथा आणि पाण्यावर गुद्दे सुरू झाले. इथे कप्तानाची बाजू झाकून ठेवायची नाही: द्यार्मतीनं मारलेला एक ठोसा चित्रफितीवर स्पष्ट दिसतो. तो त्या दिवशी संत नव्हता. पण गोलफलक पाहा. ४-०. त्यात दोन गोल झादोरचे, एक द्यार्मतीचा. रागाच्या भरात खेळ विस्कटतो, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हंगेरीचा विस्कटला नाही. सोव्हिएत संघाला एकही गोल करू न देता त्यांनी तो राग वापरला. त्यामागे कप्तानाचं डोकं होतं असं मी मानतो.

शेवटच्या मिनिटाच्या सुमाराला शिट्टी झाली, झादोरची नजर पंचाकडे वळली आणि प्रोकोपोव्हचा हात बसला. प्रेक्षक कठड्यापर्यंत धावून आले, पोलिसांना मध्ये पडावं लागलं, सामना तिथेच थांबवून हंगेरीला विजयी घोषित केलं. पुढच्या, युगोस्लाव्हियाविरुद्धच्या सामन्यात झादोर खेळूच शकला नाही, साध्या कपड्यांत काठावरून पाहत राहिला. हंगेरीनं तो २-१ असा जिंकला. सुवर्णपदक.

जाणं आणि येणं

इथे ह्या प्रकरणाचा गाभा आहे.

मेलबर्नला आलेल्या हंगेरियन पथकातले जवळजवळ निम्मे लोक मायदेशी परतले नाहीत. अमेरिकेतल्या स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेड साप्ताहिकानं त्यातल्या अनेकांच्या आश्रयासाठी मदत केली, अमेरिकाभर त्यांचा दौराही ठरवला. झादोर गेला तो कायमचा. कॅलिफोर्नियात स्थिरावला. तिथला वॉटर पोलो हंगेरीच्या मानानं फार खालच्या दर्जाचा होता. जगातल्या सर्वोत्तम संघातला, ऐन विशीतला खेळाडू, आणि त्याला खेळायला योग्य असा चेंडूच कोणी टाकेना. तो पोहण्याचा प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली शिकलेल्या मुलांमध्ये मार्क स्पिट्झ होता, ज्यानं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सात सुवर्णपदकं जिंकली. मेलबर्नच्या सामन्यावर अर्ध्या शतकानंतर एक माहितीपट झाला, त्याचं निवेदन स्पिट्झनंच केलं. झादोर एप्रिल २०१२ मध्ये कॅलिफोर्नियात गेला. हे आयुष्यही सन्मानाचं आहे, त्याला उणं लेखायचा माझा हेतू नाही. पण वॉटर पोलोपटू झादोर मेलबर्नलाच संपला.

द्यार्मती आणि एवाही अमेरिकेत गेले. आणि काही काळानं परत आले. कारण साधं होतं, एवाचे म्हातारे आईवडील. त्यांच्याकडे बघायला कोणी हवं होतं.

अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्या मराठी घरांना ह्यावर मी काही समजावून सांगायची गरज नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये दोघंच राहणारे आईबाबा आणि रात्री उशिरा येणारा फोन ही आपल्या असंख्य कुटुंबांची कहाणी आहे. फरक एवढाच की आपल्या मुलांना परतायला फक्त नोकरी सोडावी लागते. द्यार्मती आणि एवा ज्या देशात परतत होते तिथे उठावाचा पंतप्रधान इम्रे नाज ह्याला जून १९५८ मध्ये फाशी दिली गेली. सोव्हिएत संघाला ४-० नं हरवणाऱ्या, झेंडा बदलणाऱ्या संघाचा कप्तान, एकदा पळून गेलेला, अशा राज्यात पाऊल ठेवतो. ते धाडस मला त्याच्या कुठल्याही गोलपेक्षा मोठं वाटतं. त्याला फोटो नाही, पुतळा नाही. सासू-सासऱ्यांसाठी परत येणाऱ्या माणसाचं कोण चित्र काढणार?

किंमत मोजावी लागली ती पदकांच्या यादीतच दिसते. १९५४ मध्ये तुरिनला हंगेरी युरोपियन विजेता झाला, त्यात तो आहे. १९५८ ची युरोपियन स्पर्धा बुडापेस्टमध्येच झाली, आपल्याच लोकांसमोर हंगेरीनं ती जिंकली, आणि त्या विजेत्या संघात त्याचं नाव नाही. त्याच्या वयाच्या ऐन तिशीतली, खेळ सर्वांत पिकलेला असतानाची ही वर्षं.

मग तो पुन्हा संघात दिसतो. १९६० रोम, कांस्य. वय बत्तीस. वॉटर पोलोत पोहण्याचा वेग कमी व्हायला लागतो ते हेच वय, आणि बहुतेक जण इथेच टोपी उतरवतात. १९६२ लाइपझिश, युरोपियन सुवर्ण. १९६४ टोकियो. युगोस्लाव्हिया आणि हंगेरी बरोबरीत राहिले आणि गोलांच्या सरासरीवर सुवर्ण हंगेरीकडे आलं. सोव्हिएत संघ तिसरा. २३ ऑक्टोबर १९६४ रोजी, समारोपाच्या आदल्या दिवशी, द्यार्मती सदतीस वर्षांचा झाला. गळ्यात तिसरं सुवर्ण, एकूण पाचवं पदक.

रौप्य, सुवर्ण, सुवर्ण, कांस्य, सुवर्ण. सलग पाच ऑलिंपिक, एकदाही रिकाम्या हातानं परत नाही. मधल्या त्या परतीशिवाय ह्यातली शेवटची दोन पदकं नसती.

काठावरची वर्षं

खेळाडू म्हणून थांबल्यावर तो प्रशिक्षक झाला, ह्यात नवल नाही. तो चांगला प्रशिक्षक झाला, ह्यात आहे. खेळताना सगळं सहज जमणाऱ्यांना शिकवताना अनेकदा शब्द सापडत नाहीत. "असं कर ना!" एवढंच ते म्हणतात. मी असे शिक्षक अनुभवले आहेत आणि त्यांच्यासमोर पाण्यात ताटकळलोही आहे.

१९७२ च्या म्युनिकला सुवर्ण सोव्हिएत संघाकडे गेलं, हंगेरीला रौप्य. १९७३ पासून राष्ट्रीय संघ द्यार्मतीकडे होता. त्याच वर्षी बेलग्रेडला जागतिक जलतरण स्पर्धा पहिल्यांदाच भरली आणि वॉटर पोलोचं पहिलं विश्वविजेतेपद हंगेरीनं घेतलं. १९७४ मध्ये व्हिएन्नाला युरोपियन सुवर्ण. १९७५ ला कालीमध्ये विश्वस्पर्धेचं रौप्य. १९७६ मध्ये माँट्रियलला ऑलिंपिक सुवर्ण. १९७७ ला पुन्हा युरोपियन सुवर्ण, १९७८ ला बर्लिनमध्ये विश्वस्पर्धेचं रौप्य, आणि १९८० मध्ये खुद्द मॉस्कोत ऑलिंपिक कांस्य.

माँट्रियलच्या संघात तामाश फारागो होता, ज्याचं नाव जगातल्या सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडूंत घेतात. इश्त्वान सिवोश होता. ह्या सिवोशचे वडील, तेही इश्त्वानच, १९५२ आणि १९५६ ला द्यार्मतीच्या खांद्याला खांदा लावून खेळले होते. मित्राच्या मुलाला सुवर्णपदकापर्यंत नेणारा प्रशिक्षक! आपल्याकडच्या तालमींत, गायनाच्या घराण्यांत असं पिढ्यांचं देणंघेणं आपण जाणतो. हंगेरीत ते पाण्यात चालतं. घडलेल्या खेळाडूला त्याच्या जमिनीत ठेवलं की ते ज्ञान तिथे मुरतं. द्यार्मती कॅलिफोर्नियात राहिला असता तर तोही उत्तम पोहणं शिकवत बसला असता, पण १९७६ चा तो संघ त्याच्या हातचा नसता.

घरातली तिसरी ऑलिंपिक पदकविजेती आंद्रेआ. मेलबर्नच्या वेळी बुडापेस्टमध्ये अडकलेली ती दोन वर्षांची मुलगी आईच्या हाताखाली पोहायला शिकली. १९७२ च्या म्युनिकला शंभर मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य आणि बटरफ्लायमध्ये कांस्य. बटरफ्लायच्या उपांत्य शर्यतीत तर तिनं १:०३.८० असा विश्वविक्रम केला होता. पुढे ती मुलांची डॉक्टर झाली. एवा आणि देझ्यो हे जोडपं पुढे वेगळं झालं, ते त्यांचं खाजगी आयुष्य. आंतरराष्ट्रीय जलतरणाच्या हॉल ऑफ फेममध्ये मात्र दोघांचा समावेश एकाच वर्षी, १९७६ मध्ये झाला.

आणि पुन्हा ती तारीख. २३ ऑक्टोबर १९८९. बुडापेस्टच्या संसदेच्या सज्जातून हंगेरी प्रजासत्ताक झाल्याची घोषणा झाली. द्यार्मती त्या दिवशी बासष्ट वर्षांचा झाला. पुढच्या वर्षी मुक्त निवडणुका झाल्या आणि १९९० ते १९९४ तो हंगेरियन डेमोक्रॅटिक फोरम पक्षाचा खासदार म्हणून त्या संसदेत बसला. २००४ मध्ये 'राष्ट्राचा खेळाडू' ही पदवी त्याला मिळाली.

त्याच लंडनमधला आपला माणूस

१९४८ च्या लंडनला, जिथे द्यार्मतीनं पहिलं पदक घेतलं, तिथे भारताचाही वॉटर पोलो संघ होता. भारतानं चिलीला ७-४ असं हरवलं, त्यात चार गोल सचिन नाग ह्यांचे होते. १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेत नाग ह्यांनी शंभर मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, वेळ १:०४.७. आशियाई स्पर्धांच्या इतिहासातलं भारताचं ते पहिलं सुवर्ण. त्याच स्पर्धेत वॉटर पोलोचंही सुवर्ण भारताला मिळालं. भारत वॉटर पोलोचा आशियाई विजेता होता, हे मी मुलांना सांगतो तेव्हा त्यांना खरं वाटत नाही.

नाग १९८७ मध्ये वारले. ध्यानचंद पुरस्कार त्यांना २०२० मध्ये मिळाला, मरणोत्तर. मधली तेहेतीस वर्षं. दोन माणसं एकाच ऑलिंपिकला एकाच खेळात उतरली, दोघंही आपापल्या देशात सुवर्णपदक घेऊन आली. एकाच्या खेळातून पुढच्या तीन पिढ्या उभ्या राहिल्या. दुसऱ्याचं नाव त्याच्याच देशातल्या पोहणाऱ्या मुलांना माहीत नाही. ह्याचा दोष नाग ह्यांच्या खेळाकडे जात नाही. काठावर त्यांच्यासाठी जागाच केली गेली नव्हती.

मी ज्या तलावावर वॉटर पोलो शिकलो तिथे गोलपोस्ट वर्षातून दोनेक महिनेच पाण्यात असत, स्पर्धा जवळ आल्या की. उरलेलं वर्ष ते जिन्याखाली पडून गंजायचे. आमच्यातले जे खरोखर चांगले होते त्यांना खेळाच्या जोरावर नोकरी लागली, आणि बहुतेकांचा खेळ तिथेच संपला. त्यांना मुलांसमोर उभं राहून शिकवायला कोणी बोलावलं नाही. आमच्यात एक डावखुरा होता. गोलकीपरला चकवून चेंडू पाण्यावर टप्पा देत मारायचा. ती युक्ती त्याच्याबरोबर एका सरकारी कचेरीत गेली. गेल्या उन्हाळ्यात मी त्याला शोधून काढलं, रविवारी सकाळी तलावावर ये म्हटलं. "अरे, वजन बघ माझं," म्हणाला. आला मात्र. पहिल्या दिवशी पाण्यात उतरलाच नाही, काठावर बसून बघत राहिला. दुसऱ्या रविवारी टोपी घेऊन आला. आता दर रविवारी येतो, आणि दोन मुलांना तो टप्पा जमायला लागलाय.

पालकांच्या "पुढे काय" ला मी आता द्यार्मतीची कुळकथा सांगतो, आणि मग त्या डावखुऱ्याकडे बोट दाखवतो.

देझ्यो द्यार्मती १८ ऑगस्ट २०१३ रोजी बुडापेस्टमध्ये वारला. त्याच्या पंधरा दिवस आधी, ३ ऑगस्टला, बार्सिलोनात विश्वस्पर्धेचा अंतिम सामना झाला होता. हंगेरीनं माँटेनेग्रोला ८-७ असं हरवलं. त्या विजेत्या संघात मार्तोन सिवोश खेळत होता. १९७६ च्या सिवोशचा मुलगा, १९५६ च्या सिवोशचा नातू.